मराठीत ध्वनी किती? न मिटलेल्या एका हिशेबाचा आढावा

मराठीत वर्ण किती, याचे उत्तर महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात देऊन टाकले आहे: ५२. त्यात १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने. इंग्रजीतून आलेल्या ॲ आणि ऑ यांनाही या यादीत रीतसर जागा मिळाली. मराठीत ध्वनी किती, हा प्रश्न मात्र शासन निर्णयाने सुटणारा नाही. पाऊणशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो हाती घेतला, त्यांचे आकडे एकमेकांशी पुरते जुळलेले नाहीत.

अगदी हात आखडून मोजायचे ठरवले तर क, ट, त, प या चार वर्गांतले १६ स्पर्श, च वर्गातले ४, म-न-ण ही ३ अनुनासिके, य-र-ल-ळ-व ही ५ आणि स-श-ह ही ३, अशी ३१ व्यंजने होतात. स्वर सहा: अ, आ, इ, उ, ए, ओ. बेरीज ३७. हात सैल सोडला तर त्यात ‘चारा’तला च, ‘जाळे’तला ज आणि ‘झाड’मधला झ हे ३, म्ह-न्ह-ण्ह-ऱ्ह-ल्ह-व्ह हे ६, दीर्घ ई-ऊ हे २ आणि ॲ-ऑ हे २ मिळवता येतात. मग बेरीज ५० होते. (ऐ आणि औ हे जोडस्वर दोन्ही मोजण्यांत बाजूला ठेवले आहेत.) बोलणारी माणसे तीच, भाषा तीच, आणि हिशेबात १३चा फरक. तो कुठून येतो, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणत्या गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत, हे या लेखात पाहायचे आहे.

तोंडातला ध्वनी, भाषेतला ध्वनी

ध्वनीकडे दोन बाजूंनी पाहता येते. तो तोंडात कुठे आणि कसा तयार होतो, ही एक बाजू. भाषेत तो काय काम करतो, ही दुसरी. आपल्याकडे या दोन्ही बाजू फार पूर्वी वेगळ्या झालेल्या दिसतात. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांनी स्थान आणि प्रयत्न या दोन निकषांवर वर्ण लावले. कंठापासून ओठांपर्यंत सरकत जाणारी आपली वर्णमाला ही त्याच अभ्यासाची देणगी. पाणिनीच्या परंपरेतली १४ शिवसूत्रे मात्र वर्णांची वेगळीच रांग लावतात. त्यात ह दोनदा येतो, कारण ती रांग तोंडाच्या रचनेप्रमाणे लावलेली नसून व्याकरणाचे नियम थोडक्यात सांगता यावेत म्हणून लावलेली आहे. पहिल्या रांगेला आजच्या परिभाषेत स्वनविज्ञान म्हणता येईल, दुसरीला स्वनिमविचार.

जुन्या निरीक्षणांची बारकाई आजही थक्क करते. ह आणि घ-झ-ढ-ध-भ यांच्या उच्चारात नाद आणि श्वास दोन्ही एकाच वेळी असतात, असे प्रातिशाख्यकारांनी नोंदवून ठेवले होते. युरोपात घोष-अघोष हा भेद नीट कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि त्यात संस्कृत ग्रंथांच्या परिचयाचा वाटा होता. डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३मध्ये प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर स्वतंत्र पुस्तक लिहून हे ऋण मान्य केले.

दुसऱ्या बाजूला आधुनिक रूप आले ते स्वनिम या कल्पनेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोदुएँ द कूर्तने यांच्या कझानमधल्या वर्तुळात ती आकाराला आली, आणि १९३९मध्ये त्रुबेत्स्कॉय यांच्या ग्रंथाने तिला शास्त्राची शिस्त दिली. कल्पना साधी आहे. दोन ध्वनींच्या अदलाबदलीने शब्दाचा अर्थ बदलत असेल, तर ते दोन स्वनिम. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत फरक एकाच ध्वनीचा आहे आणि अर्थ वेगळा आहे, म्हणून ल आणि ळ वेगळे. उलट दोन ध्वनी एकाच जागी कधी येतच नसतील, जिथे एक तिथे दुसरा नाही अशी त्यांची वाटणी असेल, तर ती एकाच स्वनिमाची दोन रूपे, म्हणजे स्वनांतरे. ‘अंक’मधले अनुनासिक कंठातले आणि ‘अंत’मधले दातांजवळचे, पण मराठी माणूस ते वेगळे म्हणून कधी मोजत नाही. पुढचा व्यंजन-शेजारी ते ठरवतो.

कसोटी साधी असली तरी तिचे उत्तर एकच येईल याची हमी नाही. युएन रेन चाओ यांनी १९३४मध्येच दाखवून दिले की एकाच भाषेच्या ध्वनींची स्वनिमिक मांडणी एकाहून अधिक प्रकारे करता येते आणि त्या सगळ्या आपापल्या परीने बरोबर असू शकतात. मराठीचा हिशेब का जुळत नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे मराठी शब्दसंग्रहाच्या घडणीत आहे.

दादोबांपासून डेक्कन कॉलेजपर्यंत

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. या परंपरेत वर्णविचार हा व्याकरणाचा पहिला भाग, आणि त्याचा सांगाडा संस्कृतचा. तरी च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार आहेत, हे या मंडळींच्या कानातून सुटले नव्हते. ‘तालव्य’ आणि ‘दंततालव्य’ हे शब्द आपल्याकडे शालेय व्याकरणापर्यंत पोचले ते त्यामुळेच. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२०च्या फ्रेंच ग्रंथाने मराठीच्या ध्वनींचा प्राकृतापासूनचा प्रवास लावून दिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला, आणि आजही ध्वनींच्या इतिहासाबद्दल बोलताना पहिला हात त्याच पुस्तकाकडे जातो.

वर्णनाचा नवा टप्पा १९५०च्या दशकातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरे भरू लागली. ना. गो. कालेलकरांनी ध्वनिविचार मराठीतून वाचकांपुढे ठेवला. अशोक रा. केळकरांनी १९५८मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनिमविचारावर आणि पदविचारावर प्रबंध लिहिला. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला सुरू केली आणि कुडाळी, काणकोणची कोकणी, ठाण्याची वारली अशा बोलींचे ध्वनी कागदावर आणले. पुढे राजेश्वरी पंढरीपांडे (१९९७) आणि रमेश धोंगडे-काशी वाली (२००९) यांची मराठीची सविस्तर वर्णने इंग्रजीत आली. या काळात जागतिक सिद्धांत दोनदा बदलला. १९६८मध्ये चॉम्स्की आणि हॅले यांनी स्वनिमांच्या यादीपेक्षा नियमांना महत्त्व दिले, आणि १९९३मध्ये प्रिन्स-स्मोलेन्स्की यांनी नियमांच्या जागी परस्परांशी झगडणारी बंधने आणली. मराठीच्या अभ्यासात मात्र यादीचा प्रश्न जिवंतच राहिला. माझ्या मते ते बरे झाले, कारण यादीवरूनच खरी मतभिन्नता उघड होते.

च आणि च़

सर्वांत जुना आणि सर्वांत रंगलेला वाद हा. लेखापुरता दंततालव्य उच्चार मी नुक्त्याने दाखवतो: च़, ज़, झ़.

अस्सल मराठी शब्दांत वाटणी नीटनेटकी आहे. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर तालव्य: चिखल, जेवण, झेंडा. अन्यत्र दंततालव्य: च़ारा, च़ोर, ज़ुना, झ़ाड, पाच़. ही वाटणी शब्दाच्या रूपाबरोबर हलते. ‘माझ़ा’ म्हणताना झ़, पण ‘माझी’ म्हणताना झ. ‘घरच़ा’, पण ‘घरची’, ‘घरच्या’. सर्वांत बोलके उदाहरण नपुंसकलिंगी रूपाचे. लेखी मराठीतले ‘माझे’ तालव्य, आणि बोलण्यातले ‘माझ़ं’ दंततालव्य. प्रत्ययाचा स्वर बदलला की व्यंजन लगेच जागा बदलते, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स आणि श यांचेही असेच सोयरे जुळलेले आहे: ससा पण सशाला, मासा पण माशाला, पैसा पण पैशाला. ‘शिकणे’, ‘शिंग’, ‘शेत’ यांतला श त्याच प्रवृत्तीचा. एवढेच पाहिले तर च आणि च़ ही एकाच स्वनिमाची दोन रूपे ठरतात.

दुसरा पक्ष म्हणतो, जोड्या पाहा. ‘जग’ म्हणजे विश्व, आणि ‘ज़ग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, ‘ज़रा’ म्हणजे थोडेसे. ‘चार’ हा आकडा आणि गुरांना ‘च़ार’ ही आज्ञा. चौपाटीवरची ‘चाट’ आणि जिभेने ‘च़ाट’. एका ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलतो, कसोटी पूर्ण होते, म्हणून स्वनिम दोन. बहुतेक आधुनिक वर्णने या बाजूची आहेत.

पहिल्या पक्षाचे उत्तर असे, की या जोड्यांमधला एकेक शब्द बाहेरचा आहे. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि वार्धक्याची ‘जरा’ तत्सम, ‘चाट’ हिंदीतून आलेली. घरच्या शब्दांपुरते बोलायचे तर वाद उरत नाही. फक्त ‘चार’ अडचणीत आणतो, कारण तो घरचाच आहे आणि तरी तालव्य आहे. त्याचे स्पष्टीकरण इतिहासात सापडते. जुन्या लेखनात ‘च्यार’ असे रूप येते. म्हणजे तालव्यपणा एकेकाळी पुढच्या य-मुळे होता. य विरला, त्याची खूण मागे राहिली, आणि नियमाने चालणारा फरक अर्थभेद करणारा झाला. ज्या काळात ‘च्यार’ लिहावेसे वाटत होते त्या काळात नुसत्या ‘चा’चा उच्चार दंततालव्य असणार, हाही निष्कर्ष त्यातून काढता येतो. लिपीने स्वतंत्र चिन्ह दिले नसल्यामुळे याहून थेट पुरावा मिळणे कठीण आहे.

जाता जाता एक गोष्ट. छ-ला दंततालव्य जोडीदार नाही. कारण प्राकृतातला छ मराठीत स-च्या घरी गेला. संस्कृत छुरिकेची मराठीत सुरी झाली. ‘छान’, ‘छाती’, ‘छत्री’ असे छ-चे शब्द बहुतेक नंतरचे किंवा उसने. रिकामी जागा दिसते ती अपघाताने राहिलेली नाही.

च़ आला कुठून, यावरही एकमत नाही. तेलुगूतही जवळपास हीच वाटणी आहे: पुढच्या स्वरांपूर्वी तालव्य, अन्यत्र दंततालव्य. त्यामुळे द्राविडी शेजाराचा परिणाम असावा, असा तर्क पुढे आला. मरे एमेनो यांनी १९५६मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची जी मांडणी केली, तिच्यात असे साम्य सहज बसते. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१मध्ये आणखी पुढे जाऊन मराठीची घडणच आर्य आणि द्राविडी भाषा बोलणाऱ्यांच्या मिसळीतून झाली असावी, असे सुचवले. उलट बाजूने असे म्हटले जाते, की असे दंततालव्य उच्चार काश्मिरी आणि नेपाळीतही आहेत. तिथे तेलुगूचा शेजार नाही, तेव्हा हा बदल आपोआपही घडू शकतो. मला यात दोन प्रश्न मिसळलेले दिसतात. च़ हा ध्वनी कुठेही निपजू शकतो. पुढच्या स्वरावरून ठरणारी नेमकी तीच वाटणी दोन शेजारी भाषांत असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला योगायोग म्हणणे जड जाते. पण देणारा कोण आणि घेणारा कोण, हे साम्यावरून ठरत नाही.

म्ह, न्ह, ल्ह, व्ह: एक की दोन?

‘मण’ आणि ‘म्हण’, ‘नाणे’ आणि ‘न्हाणे’ यांतला फरक कोणालाही ऐकू येतो. प्रश्न असा, की म्ह हा भ-सारखा एक महाप्राण स्वनिम मानायचा की म आणि ह यांचे जोडाक्षर?

जोडाक्षर मानणाऱ्यांकडे काटकसरीचा मुद्दा आहे. म आहे, ह आहे, मग यादीत सहा नवे ध्वनी कशाला? शिवाय ‘लहान’-‘ल्हान’, ‘नाही’-‘न्हाई’ अशी रूपे शेजारी नांदतात. मधला अ गळाला की दोन व्यंजने जवळ येतात, एवढेच. ण्ह तर ‘कण्हणे’सारख्या मोजक्या शब्दांत सापडतो. एवढ्यासाठी स्वनिम मानणे त्यांना उधळपट्टी वाटते.

एक स्वनिम मानणाऱ्यांचा पुरावा मात्र मला अधिक वजनदार वाटतो. शब्दाच्या आरंभी र किंवा ल यांच्यानंतर दुसरे स्पष्ट व्यंजन मराठीला सहसा चालत नाही, पण ‘ऱ्हास’ आणि ‘ल्हान’ चालतात. छंदात ‘तुम्ही’मधला तु लघू धरला जातो, मागच्या अक्षरावर आघात येत नाही. खरे जोडाक्षर असते तर तो गुरू झाला असता. तिसरा पुरावा तत्सम शब्दांच्या वाटेला मराठी जिभेने काय आणले यात आहे. संस्कृतात ‘ह्रस्व’, आपण ‘ऱ्हस्व’ म्हणतो आणि लिहितोही. ‘चिह्न’चे ‘चिन्ह’ झाले. ‘ब्राह्मण’ लिहिणारेही उच्चार ‘ब्राम्हण’ असाच करतात, आणि ‘आह्वान’चे ‘आव्हान’ होऊन ते ‘आवाहन’शी गल्लत करत वृत्तपत्रांतून फिरत असते. ह आधी आणि म-न-र-व नंतर, हा क्रम मराठीला नको आहे. उलटा क्रम तिच्याकडे तयार साच्यासारखा आहे, आणि येणारा शब्द त्या साच्यात पडतो.

यंत्राने मोजमाप करणारे अभ्यास या वादात अलीकडे आले. केली बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठात २०१३मध्ये मराठीतल्या नाद-श्वासमिश्र ध्वनींवर प्रबंध लिहिला. त्यात भ-ध यांच्याबरोबर म्ह-न्ह यांचीही ध्वनिमुद्रणे तपासली आहेत. असे मोजमाप उच्चाराचा पोत सांगते. एक मोजायचा की दोन, हे मात्र त्यानंतरही मांडणीवरच अवलंबून राहते.

ऱ्हस्व-दीर्घ

शाळेत ज्यावर सर्वांत जास्त लाल शाई सांडते, त्यावर भाषावैज्ञानिकांत त्या मानाने वाद कमी आहे. मराठी शब्दांत इ-उ यांची लांबी बहुतेक जागेवरून ठरते. शब्दाच्या शेवटी आली की दीर्घ. अकारान्त शब्दाच्या उपान्त्य जागी दीर्घ, आणि प्रत्यय लागून जागा सरकली की ऱ्हस्व: मूल-मुलाला, फूल-फुलाला, दीर-दिराला. जे जागेवरून ठरते ते अर्थ वेगळा करू शकत नाही. मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांना वेगळी चिन्हे प्रचारात नव्हती, आणि त्यामुळे शतकानुशतके कोणाचे हिशेब चुकले असे दिसत नाही. वृत्तासाठी कवी ऱ्हस्वाचे दीर्घ करतात तेव्हाही वाचकाला शब्द ओळखायला अडचण पडत नाही.

मग दोन स्वनिम कोण मानतो? ज्यांच्यासमोर ‘दिन-दीन’, ‘सुत-सूत’, ‘शिर-शीर’ या जोड्या आहेत, ते. इथेही प्रत्येक जोडीत किमान एक शब्द तत्सम आहे, आणि तत्सम शब्दांना मराठीचा उपान्त्य नियम लागू नाही. रोजच्या बोलण्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे ऐकू येत नाहीत, संदर्भच अर्थ सांगतो. संस्कृताचा सराव असलेला वक्ता मात्र ते वेगळे उच्चारेल. त्याचा उच्चार मराठीचा धरायचा की त्याच्या पठणाच्या सवयीचा, हे आधी ठरवावे लागेल. १९६२मध्ये साहित्य महामंडळाने केलेल्या लेखननियमांनी कवि-गुरु यांचे कवी-गुरू करून शेवटच्या अक्षरापुरता कौल उच्चाराच्या बाजूने दिला आणि बाकी तत्समांना हात लावला नाही. ध्वनीच्या दृष्टीने ती तडजोड आहे, पण लेखन केवळ ध्वनीसाठी नसते, हेही खरे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांवरून दोन र मानण्याचा मोह होतो. तो आवरावा. फरक र-चा नाही, अक्षर कुठे तुटते त्याचा आहे. समुद्राच्या अर्थी दर्‌-या, डोंगराच्या अर्थी द-ऱ्या. पहिल्यात मागच्या अक्षरावर भार येतो, दुसऱ्यात येत नाही. यावर फारसा वाद उरलेला नाही.

लिहिलेला पण न बोललेला अ

‘घर’ लिहितो त्यात दोन अ आहेत, बोलतो त्यात एक. ‘नजर’चे अनेकवचन ‘नजरा’ लिहितो आणि ‘नज़्रा’ म्हणतो. ‘गवताला’ म्हणताना ‘गव्ताला’. हिंदीतल्या अशाच प्रकारावर मंजरी ओहाला यांचे १९८३चे पुस्तक प्रसिद्ध आहे. मराठीतला नियमही स्थूलमानाने तोच: शब्दाच्या शेवटचा अ जातो, आणि दोन बाजूंना स्वरयुक्त अक्षरे असली की मधलाही जातो.

खरा प्रश्न दिशेचा आहे. मूळ शब्दात अ आहे आणि तो गळतो, की मूळ शब्द ‘नज़र्’ऐवजी ‘नज़्र्’ असा आहे आणि शेवटी दोन व्यंजने एकत्र आल्यावर उच्चाराच्या सोयीसाठी अ घुसतो? ‘गरज’ आणि ‘अर्ज’ या दोन शब्दांनी हे ठरवता येते असे मला वाटते. ‘गरजा’ आणि ‘अर्जा(ला)’ यांचा उच्चार मध्यभागी अगदी सारखा होतो: गर्‌ज़ा, अर्‌ज़ा. अ घुसत असता तर ‘अर्ज’मध्येही घुसून ‘अरज’ झाला असता. तो होत नाही. म्हणजे ‘गरज’मध्ये अ मुळातच आहे, आणि स्वर पुढे आला की तो गळतो. बोलीत ‘अरज’, ‘खरच’ असे ऐकू येते तिथे मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो, आणि त्या बोलींसाठी दुसरी मांडणीच ठीक असेल.

नियमाला अडवणाऱ्या जागाही आहेत. ‘लोकसभा’, ‘घरकाम’ असे समास जोडावर तुटतात. ‘मानवी’सारखे तत्सम शब्द कधी नियम पाळतात, कधी नाही. लिहिलेला मजकूर यंत्राकडून वाचून घ्यायचा झाला, की ही सगळी अनिश्चितता उघडी पडते. च कुठला, अ कुठे गाळायचा, हे देवनागरीत लिहिलेले नसते. ‘घरं’वरचा अनुस्वार आज अनुनासिक उच्चार दाखवत नाही, शेवटचा अ गाळू नका एवढेच सांगतो. हे यंत्राला वेगळे शिकवावे लागते.

बोलींची साक्ष

आतापर्यंतची उदाहरणे प्रमाण मराठीची होती. बोलींकडे वळले की यादी पुन्हा बदलते.

ळ आणि ण हे प्रमाण मराठीत निर्विवाद स्वनिम आहेत: वेल-वेळ, माल-माळ. दोघेही शब्दाच्या आरंभी येत नाहीत, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. दोन स्वरांमधला एकेरी ल ळ झाला, दुहेरी ल्ल एकेरी होऊन ल राहिला. संस्कृत ‘काल’चा ‘काळ’ झाला, आणि ‘कल्य’वरून प्राकृतात ‘कल्ल’ होऊन आपला कालचा ‘काल’ आला. ण-चीही तीच गोष्ट: ‘पर्ण’वरून ‘पण्ण’ आणि मग ‘पान’, पण एकेरी न असलेल्या ‘पानीय’चे ‘पाणी’. वऱ्हाडात आणि खानदेशात हा ळ य-कडे सरकतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. उत्तर कोकणातल्या आगरी बोलीत ळ-चा ल आणि ण-चा न होतो. आगरीच्या यादीत दोन स्वनिम कमी आहेत, एवढाच याचा ध्वनिशास्त्रीय अर्थ. ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसण्याची शहरी खोड हा समाजशास्त्राचा विषय झाला.

कोकण किनाऱ्यावर उलट श्रीमंती आहे. प्रमाण मराठीने अनुनासिक स्वर जवळजवळ टाकून दिले आणि १९६२च्या नियमांनी ‘नांव’, ‘पांच’ वरचे अनुस्वार पुसले. चित्पावनी, मालवणी आणि कोकणी यांनी ते जपले आहेत. कोकणीत ए आणि ओ यांचे विवृत व संवृत असे भेद अर्थ बदलतात, आणि देवनागरीत ते दिसत नाहीत. त्यामुळे गोव्यात लेखनाची चर्चा निघाली की ध्वनीचीही निघते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींची नवी ध्वनिमुद्रणे जमवण्याचे काम हाती घेतले आहे. घाटग्यांच्या काळात जे कानाने लिहून घ्यावे लागले, ते आता ऐकून पुन्हा तपासता येते.

थरांचा प्रश्न, आणि काय उरले

वादग्रस्त १३ ध्वनी पुन्हा समोर ठेवले तर एक गोष्ट दिसते. म्ह-गटातले सहा सोडले, तर बाकी सातांचा निकाल एकाच प्रश्नावर टांगलेला आहे: तत्सम आणि उसने शब्द घरच्या शब्दांबरोबर एकाच व्यवस्थेत धरायचे का? धरले तर च़, दीर्घ ई, ॲ सगळे स्वनिम होतात. ‘बेट-बॅट’, ‘बाल-बॉल’ या जोड्या पुरेशा आहेत. वेगळे काढले तर यादी आखडते. चार्ल्स फ्राइज आणि केनेथ पाइक यांनी १९४९मध्येच मांडले होते, की एका भाषेत दोन स्वनिमव्यवस्था एकत्र नांदू शकतात. पुढे जपानीच्या अभ्यासात शब्दसंग्रहाचे थर आणि प्रत्येक थराचे वेगळे नियम ही कल्पना चांगली रुजली. मराठीला ती सहज लागू पडते. अडचण एवढीच, की बोलणाऱ्याच्या डोक्यात शब्दांवर ‘तत्सम’ अशी चिठ्ठी लावलेली नसते. चार वर्षांचे मूल ‘जग’ आणि ‘ज़ग’ दोन्ही बरोबर म्हणते, ते कशाच्या आधारे? प्रत्येक शब्द सुटा पाठ असतो, की शब्दाच्या इतर लक्षणांवरून थर ओळखला जातो? याचे उत्तर व्याकरणाच्या टेबलावर बसून मिळणार नाही. मुलांना आणि मोठ्यांना कधी न ऐकलेले, बनावट शब्द म्हणायला देऊन पाहावे लागेल.

आघात आणि वाक्याची लय हा भाग या आढाव्यात आलाच नाही, कारण मराठीत आघात अर्थ बदलत नाही एवढ्यावर सर्वसाधारण एकमत आहे आणि त्यापुढे काम विरळ आहे.

एक बदल मात्र आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. फारसीतून आलेल्या शब्दांना मराठीने आपला नियम लावला होता. ‘जमीन’, ‘बाजार’ यांत ज़ राहिला, पण ‘वजीर’, ‘जिल्हा’, ‘जेरीस’ यांत पुढच्या इ-ए मुळे तो तालव्य झाला, मूळ फारसीत तो तसा नसताना. इंग्रजीतून आलेल्या ‘झिरो’, ‘झिप’, ‘झेब्रा’ यांचे तसे होताना दिसत नाही. शहरात वाढलेले बरेच जण इ-ए पूर्वीही दंततालव्याच्या जवळचा उच्चार ठेवतात, आणि दुसरीकडे ‘जॉब’, ‘चार्ज’, ‘चॉकलेट’ यांत मागच्या स्वरापूर्वीही तालव्य तसाच राहतो. हे उच्चार टिकले, तर च-च़ यांची वाटणी दोन्ही टोकांनी उसवेल आणि दोन स्वनिम मानायला तत्समांच्या साक्षीची गरज राहणार नाही. ते टिकतात की पुढची पिढी ‘झिरो’लाही ‘जिल्ह्या’च्या रांगेत बसवते, हे पाहायला तुलनेसाठी जुनी मुद्रणे हवीत. बाजारातली, शाळेच्या पटांगणातली, साधी बोलण्यातली अशी मुद्रणे गोळा व्हायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे.